शौच तपासणी आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर या तपासणीबद्दल लोक हळू आवाजात विचारतात, आणि बरेचदा अर्धंच विचारतात. विषय संडासचा, त्यात ‘कॅन्सर’ हा शब्द कुणालाच तोंडातून काढायचा नसतो. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे मोकळेपणाने घेतले आहेत. दोन गोष्टी आधीच सांगतो. ही तपासणी काहीही त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. आणि ती पॉझिटिव्ह आली, तर दुर्बिणीची तपासणी होईपर्यंत काम अर्धवटच राहिलेलं असतं.

ही तपासणी नेमकं काय शोधते? कर्करोगाच्या पेशी?

नाही. ती शोधते रक्त, तेही डोळ्यांना न दिसण्याइतकं थोडं.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर काही जणांना मांसाचे छोटे कोंब येतात. त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप आयुष्यभर काही करत नाहीत. काही मात्र हळूहळू वाढतात आणि त्यातल्या थोड्यांचा पुढे कर्करोग होतो. या प्रवासाला साधारण दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. पॉलिप मोठा झाला किंवा गाठ झाली, की तिच्यावरून मळ सरकताना थोडं रक्त झिरपतं. ते रोज झिरपत नाही आणि सगळ्या मळात सारखं मिसळत नाही. ही तपासणी एकदा करून का भागत नाही, ठरावीक काळाने पुन्हा का करावी लागते, याचं कारण हेच.

मागच्याच महिन्यात ‘स्टूल रुटीन’ केलं, रिपोर्ट नॉर्मल आहे. तीच ना ही?

ती वेगळी. स्टूल रुटीनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जंत, जंतांची अंडी, अमीबा, पू-पेशी पाहतात. जुलाब होत असतील, आव पडत असेल, तर ती उपयोगी. न दिसणारं रक्त शोधायची तपासणी म्हणजे ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’, आणि तिच्याही दोन पद्धती आहेत. इथे लोकांची खरी फसगत होते, कारण रिपोर्टवर दोन्हींना एकच नाव असू शकतं.

जुनी पद्धत रासायनिक. ग्वायक नावाच्या झाडाच्या डिंकातलं द्रव्य लावलेल्या कागदावर शौचाचा पातळ थर देतात आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात. रक्तातल्या हीम या लोह असलेल्या घटकामुळे कागद निळा होतो. पण हीम मटणातही असतं, आणि मुळा-सलगमसारख्या काही भाज्यांमधल्या द्रव्यांमुळेही कागद निळा होऊ शकतो. उलट, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रक्त असूनही रंग उमटत नाही. जठरात रक्तस्राव होत असला तरी ही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे रक्त कुठलं हे कळत नाही.

नवी पद्धत इम्युनोकेमिकल, म्हणजे एफआयटी (फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट). हिच्यात माणसाच्याच हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिन या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं वापरतात. बोकडाचं रक्त तिला लागू पडत नाही. जठरातून आलेलं ग्लोबिन वाटेत पचून जातं, म्हणून ही तपासणी मुख्यतः मोठ्या आतड्यातल्या रक्ताबद्दल बोलते. इंग्लंड, स्कॉटलंड, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, जपान, सगळीकडे सरकारी कार्यक्रमात आता एफआयटीच आहे. जपानमध्ये तर १९९२ पासून.

लॅबमध्ये एकच प्रश्न विचारा: “ही इम्युनोकेमिकल पद्धतीने करता का?” उत्तर देता आलं नाही, तर दुसरी लॅब शोधा.

आधी पथ्य पाळायचं का?

एफआयटीसाठी नाही. मटण, मासे, भाजी, नेहमीचं सगळं खा. रासायनिक पद्धतच करायची असेल तर तीन दिवस आधीपासून मटण, कच्चा मुळा आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात.

कोणत्या वयापासून करायची?

इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी किट टपालाने घरी येते. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून वय ४५ पर्यंत खाली आणलं. अमेरिकेत २०२१ पासून सरासरी जोखमीच्या माणसाला ४५ व्या वर्षापासून तपासणी सुचवतात, आणि एफआयटी निवडली तर ती दरवर्षी. जपानमध्ये चाळिशीपासून दरवर्षी.

भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. आपल्याकडे सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या लोकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. मोठं आतडं त्यात नाही. त्यामुळे इथे हा निर्णय तुम्ही आणि तुमचे डॉक्टर मिळून घेणार. माझं मत विचाराल तर ४५ ते ५० च्या दरम्यान हा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढावा. ते काढतीलच असं नाही.

आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मात्र हिशोब बदलतो. तेव्हा शौच तपासणीवर थांबत नाहीत. साधारणपणे चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात आजार कळला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा थेट कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहायची तपासणी, सुचवतात. घरात पिढ्यान् पिढ्या हा आजार असेल, किंवा तुम्हाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण) असेल, तर तुमचं वेळापत्रक पोटविकारतज्ज्ञच ठरवतील.

आपल्याकडे हा आजार कमीच आहे ना?

पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी आहे, हे खरं. सगळ्यांना घरोघरी किट पाठवण्याचा कार्यक्रम भारतात नसण्यामागे हेही एक कारण आहे. पण लोकसंख्या मोठी, त्यामुळे कमी प्रमाणसुद्धा मोठ्या आकड्यात जातं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे ७० हजार नवे रुग्ण होते.

मुंबईच्या टाटा मेमोरिअलमधल्या ८०० रुग्णांच्या एका पाहणीत सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं होतं. मोठ्या कर्करोग रुग्णालयात तरुण रुग्ण जास्त पोहोचतात, म्हणून हा आकडा सगळ्या महाराष्ट्राला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही ‘हा म्हातारपणचा आजार’ म्हणून चाळिशीतल्या माणसाने लक्षणं अंगावर काढू नयेत, एवढं त्यातून नक्की कळतं.

संडासला रक्त पडतं, पण मला मूळव्याध आहे. ही तपासणी करून खात्री करून घेऊ का?

नको. रक्त दिसतंय, मग न दिसणारं रक्त शोधून काय मिळणार? थेट डॉक्टरांकडे जा.

या प्रश्नाचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण उशीर इथेच होतो. रक्त पडलं की घरात पहिला शब्द ‘मूळव्याध’ हाच निघतो. मग कुणीतरी सुरण खायला सांगतं, कुणी झाडपाल्याची पुडी आणून देतं, कुणी बसस्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर लावतं. महिने जातात. बहुतेकांना खरोखर मूळव्याधच असते, यात शंका नाही. पण मूळव्याध असलेल्या माणसाला आतड्यात गाठ होऊच शकत नाही असं नाही, आणि मलाशयातल्या गाठीचं रक्तसुद्धा तसंच लालभडक असू शकतं. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने तपासतात ती दोन मिनिटांची तपासणीसुद्धा लाजेपोटी टाळली जाते. खालच्या भागातली गाठ त्या बोटाला लागू शकते. तेव्हा ती तपासणी करू द्या, आणि डॉक्टरांनी नुसतं ऐकून गोळ्या लिहिल्या तर तपासायची विनंती स्वतः करा.

रक्ताशिवाय आणखी काही लक्षणं आहेत: शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणं, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखं वाटणं, कारण नसताना वजन उतरणं, पोटात गोळा लागणं, आणि पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता होऊन हिमोग्लोबिन घसरणं. या शेवटच्याकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, हिमोग्लोबिन थोडं चढतं, आणि रक्त जातंय कुठे हे कुणी विचारत नाही.

ब्रिटनमध्ये लक्षणं असलेल्या रुग्णालाही डॉक्टर एफआयटी करायला लावतात, हे तुम्ही वाचलं असेल. तिथे ती कुणाला आधी पुढच्या तपासणीला पाठवायचं हे ठरवण्यासाठी असते, आणि पॉझिटिव्ह म्हणायची सीमाही फार खालची, एका ग्रॅम मळात १० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिनची असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीतलं काम आहे. स्वतःच्या मनाने करून ‘निगेटिव्ह आली, सुटलो’ म्हणायचं नाही.

नमुना नेमका कसा घ्यायचा?

एफआयटीची बाटली बोटाएवढी असते. आत थोडं द्रावण, आणि झाकणालाच जोडलेली एक बारीक काडी. काडीच्या टोकाला खाचा असतात. त्या खाचा भरतील एवढाच मळ लागतो.

मळाला संडासातलं पाणी किंवा फिनेल लागता कामा नये. कमोडवर बसत असाल तर बैठकीखाली कागद ताणून लावा किंवा आत एखादी वापरून टाकायची प्लास्टिकची डबी धरा. भारतीय बैठकीत काम सोपं आहे: भांडं कोरडं असतानाच त्यावर जाड कागद पसरा. आधी लघवी करून घ्या, म्हणजे ती मिसळत नाही. मग झाकण फिरवून काडी बाहेर काढा आणि मळाच्या चार-पाच वेगवेगळ्या जागांवरून ओढा. एकाच जागी खुपसू नका, कारण रक्त एका बाजूलाच असू शकतं. खाचा भरल्या की काडी परत बाटलीत घालून झाकण घट्ट बसवा. काडी पुन्हा बाहेर काढून आणखी मळ भरायचा नाही आणि आतलं द्रावण सांडायचं नाही. बाटलीवर नाव आणि तारीख लिहा, हात साबणाने धुवा.

जास्त दिला तर तपासणी चांगली होईल, असा एक समज आहे. सकाळी सातला एखादे काका चार कॅरीबॅगांत गुंडाळलेली काठोकाठ भरलेली डबी काउंटरवर ठेवतात आणि नजर दुसरीकडे वळवतात. काका, लाजायचं काही कारण नाही, पण एवढं लागत नाही.

लॅबने द्रावणाची बाटली न देता साधी रिकामी डबी दिली, तर नमुना त्याच दिवशी, जमेल तितक्या लवकर पोहोचवा. नुसत्या मळात हिमोग्लोबिन भराभर खराब होतं आणि मग रक्त असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते.

उन्हाळ्यात केली तर चालते का?

चालते, पण सांभाळून. उष्णतेने हिमोग्लोबिन विघटित होतं. इटलीत उन्हाळ्यातल्या नमुन्यांत ते कमी सापडतं असं दिसून आलं. ऑस्ट्रेलियात तर अति उष्ण भागांत कडक उन्हाळ्याच्या महिन्यांत किट पाठवतच नाहीत. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या मे महिन्यात बाटली स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिली, तर निगेटिव्ह रिपोर्टवर माझा विश्वास बसणार नाही. नमुना सकाळी घ्या आणि थेट लॅबमध्ये द्या. ठेवावाच लागला तर पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

पाळी चालू आहे, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मग?

पाळी संपून तीन दिवस जाऊ द्या. मूळव्याधीचं रक्त सध्या पडत असेल, लघवीतून रक्त जात असेल, जुलाब किंवा आव असेल, तर आधी तो त्रास डॉक्टरांना दाखवा.

अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन यांतलं काहीही या तपासणीसाठी बंद करायचं नाही. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने गोळी थांबवणं जिवावर बेतू शकतं. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, पण एफआयटीचा निकाल त्याने बदलत नाही.

रिपोर्टवर आकडा आहे. तो कसा वाचायचा?

एक ग्रॅम मळात किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन, तो हा आकडा. कितीच्या वर पॉझिटिव्ह म्हणायचं हे देशागणिक बदलतं. स्कॉटलंडने ८० ठरवलं. इंग्लंडमध्ये २०१९ साली एफआयटी आली तेव्हा १२० होतं. नेदरलँड्सने २०१४ मध्ये १५ ने सुरुवात केली आणि त्याच वर्षी ४७ वर नेलं, कारण पॉझिटिव्ह इतके निघाले की कोलोनोस्कोपी करायला माणसं आणि जागा पुरेना. म्हणजे या सीमेत दवाखान्यांची क्षमताही धरलेली असते. सीमेच्या जरा खाली आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तो कागद डॉक्टरांना दाखवा. भारतातल्या बऱ्याच लॅब आकडा न देता नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह देतात. तेही चालतं.

पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला?

नाही. मोठ्या कार्यक्रमांचा अनुभव पाहिला तर पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांपैकी साधारण तीन ते दहा जणांना कर्करोग निघतो. त्याहून कितीतरी जास्त जणांना पॉलिप निघतात. बाकीच्यांना मूळव्याध, सूज, किंवा काहीच नाही. पॉलिप निघणं ही खरं तर चांगली बातमी, कारण तो दुर्बिणीतूनच तारेच्या फाशाने काढून टाकतात आणि त्यातून पुढे जे होऊ शकलं असतं ते टळतं.

पॉझिटिव्ह आली, पण मला काहीच त्रास नाही. पुन्हा एकदा करून बघू का?

करू नका. कळकळीने सांगतो.

पहिल्यांदा रक्त सापडलं, दुसऱ्यांदा नाही सापडलं, याचा अर्थ एवढाच की दुसऱ्या दिवशी रक्त झिरपलं नाही, किंवा काडी त्या जागेवरून फिरली नाही. पहिला निकाल त्याने खोटा ठरत नाही. पण निगेटिव्हचा कागद हातात आला की घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि दुर्बिणीचं नाव मागे पडतं.

इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात एफआयटी पॉझिटिव्ह आलेल्यांचा दहा वर्षांचा मागोवा घेतला गेला. कोलोनोस्कोपी करून घेतलेल्यांमध्ये या कर्करोगाने हजारी सुमारे ७ मृत्यू झाले, न केलेल्यांमध्ये हजारी १६. दुपटीहून जास्त. तपासणी तीच, निकाल तोच, फरक पुढच्या पावलाचा.

किती घाई करायची? कॅलिफोर्नियातल्या ७० हजार लोकांच्या अभ्यासात काही आठवड्यांचा उशीर फारसा जाणवला नाही. दहा महिन्यांपलीकडे गेलेल्यांमध्ये मात्र कर्करोगाचं, आणि पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाचं, प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणून घाबरून रातोरात धावपळ करायची गरज नाही. पण ‘दिवाळीनंतर बघू’, मग ‘मुलीचं लग्न होऊ दे’, मग ‘परीक्षा संपू देत’, असं म्हणत वर्ष घालवू नका. एक-दोन महिन्यांतली तारीख घ्या.

दुर्बीण टाकताना फार दुखतं का?

बहुतेक ठिकाणी गुंगीचं इंजेक्शन देतात, आणि साधारण अर्ध्या तासात काम होतं. लोकांना नकोसं वाटतं ते आदल्या दिवशीचं. पोट पूर्ण रिकामं करायला पावडर मिसळलेलं दोन-तीन लिटर पाणी प्यावं लागतं आणि रात्रभर संडासच्या फेऱ्या होतात. हे नीट करा. पोट साफ झालं नाही तर पॉलिप दिसत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. आतड्याला भोक पडण्याचा धोका आहे, पण तो हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. पॉलिप काढला तर थोडा जास्त.

निगेटिव्ह आली. आता निर्धास्त?

पुढच्या तपासणीपर्यंत, आणि लक्षण दिसत नाही तोपर्यंत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जवळजवळ दहा हजार लोकांच्या अमेरिकी अभ्यासात एका एफआयटीने चारातले तीन कर्करोग पकडले. मोठे, धोकादायक पॉलिप मात्र चारातला एकच. म्हणून ती दर वर्षी किंवा दोन वर्षांनी करायची. आज हुकलेला पॉलिप पुढच्या वेळी सापडायला अजून वेळ असतो. मधल्या काळात रक्त दिसलं, तर जुना निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून स्वतःची समजूत घालू नका.

याने जीव वाचतात याला पुरावा आहे का?

आहे, आणि जुना आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये जुनी रासायनिक तपासणी दरवर्षी केलेल्यांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले. ते निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीस वर्षांनंतर पाहिलं तरी फायदा जवळपास तेवढाच टिकला होता. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये दोन वर्षांनी एकदा तपासणी करून १५ टक्के घट दिसली. अर्थात पॉझिटिव्ह आलेल्यांची पुढची तपासणी झाली, म्हणून.

शौचातल्या डीएनएची तपासणी जास्त चांगली का?

वर सांगितलेल्या २०१४ च्या अभ्यासात तिने ९२ टक्के कर्करोग पकडले, म्हणजे एफआयटीपेक्षा जास्त. पण काहीही नसताना पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाणही जास्त होतं, आणि ती बरीच महाग आहे. अमेरिकेत ती रुळली आहे. इथे त्यासाठी थांबून राहू नका.

मी परदेशात आहे, आई-बाबा गावी. त्यांच्यासाठी ऑनलाइन पॅकेज बुक करू का?

करा, पण आधी पॅकेजमध्ये कोणती शौच तपासणी आहे ते पाहा. बहुतेकदा स्टूल रुटीनच असतं. आणि त्याआधी, पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी कुठे होईल याची चौकशी फोनवर करून ठेवा. तालुक्याच्या गावी सोय नसेल तर जिल्ह्याला, नाहीतर पुण्या-मुंबईला जावं लागेल. गुंगी दिलेल्या माणसाला एकटं घरी सोडत नाहीत, तेव्हा सोबत कोण जाणार हे ठरवा. आदल्या रात्री फेऱ्या होणार, म्हणून संडास जवळ असलेल्या घरी मुक्काम हवा. मधुमेहाच्या गोळ्या, इन्शुलिन आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या त्या दिवसांत कशा घ्यायच्या, हे तारीख घेतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि तो कागद आई-बाबांसोबत जाणाऱ्याच्या हातात द्या.